तेराशे किलोमीटर आणि एक महिना

काही वर्षांपूर्वी येथेच इंदुरात, आमच्या ओळखीच्या एका घरी, वडील गृहस्थ गुरुवारी पहाटे निवर्तले. थोरला मुलगा घरीच होता; धाकटा कॅनडाच्या उत्तर भागात, खाणींच्या एका लहानशा गावी नोकरीस. त्याला फोन गेला. तो "निघतो" एवढेच म्हणाला. आता घरापुढे प्रश्न उभा राहिला, थांबायचे की नाही, आणि थांबायचे तर किती वेळ? जमलेल्या मंडळींपैकी एका तरुणाने खिशातला फोन काढून दोन्ही गावांची नावे घातली. क्षणात उत्तर आले : अंतर अमुक इतके हजार किलोमीटर, विमानाने साडेतेरा तास. सर्वांना हायसे वाटले. बर्फ मागविला गेला. पाहुण्यांना निरोप धाडले गेले की, उद्या सकाळी अकराला.

शुक्रवारी अकरा वाजले, दुपार झाली, संध्याकाळ झाली. दिवे लागणीच्या सुमारास थोरल्याने अग्नी दिला. धाकटा आला तो रविवारी सकाळी. नर्मदेवर अस्थी नेण्याच्या वेळेस तो कसाबसा पोचला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या दोघा भावांत एक अबोल अढी होती. एकाला वाटे याने आणखी थांबावयास हवे होते, दुसऱ्याला वाटे याने लवकर निघावयास हवे होते. फोनवर साडेतेरा तासांचा आकडा काढून देणारा तो तरुण तर तोंड लपवून फिरे. वास्तविक त्याचा आकडा चुकला नव्हता. तो ज्या प्रश्नाचे उत्तर होता तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, एवढेच.

आज आपल्या सभासद-कुटुंबांपैकी ज्याचा मुलगा, सून, जावई किंवा नातू परदेशी नाही असे घर शोधावे लागेल. तेव्हा दोन दूरच्या विमानतळांमधले अंतर म्हणजे काय, उड्डाणाचा वेळ म्हणजे काय, आणि प्रवासाचा वेळ म्हणजे काय, हे तीन निरनिराळे हिशेब एकदा नीट मांडून पाहावेत असे आमच्या मनात आले.

आपल्या वाडवडिलांना हा घोळ ठाऊक नव्हता. त्यांचे माप होते मजल. फौज असो, यात्रेकरू असोत की वऱ्हाडाच्या गाड्या असोत, सकाळी निघून मुक्कामाला पोचेपर्यंत जेवढी वाट तुटे ती एक मजल. ती अंतरही सांगे आणि वेळही सांगे. घाट आला की मजल आपोआप आखूड होई. नदीला पूर असला की मुक्काम वाढे. 'दरमजल' चालणाऱ्या माणसाला कोस किती हे कोणी विचारीत नसे. मजला किती, हे विचारीत. आगगाडी आली आणि अंतर मैलांत व वेळ तासांत अशी दोघांची फारकत झाली; तरी वेळापत्रकाच्या एकाच पानावर दोन्ही शेजारी शेजारी छापलेली असत. विमानाने ती शेजारही मोडली.

हे समजून घ्यावयाचे तर मुंबई-लंडनसारखे गजबजलेले उदाहरण उपयोगाचे नाही. तेथे दिवसातून अनेक विमाने असल्याने दोष झाकले जातात. उदाहरण घ्यावे ते आडरानातले. आम्ही निवडले आहेत दक्षिण अटलांटिक महासागरातले दोन विमानतळ, एक सेंट हेलेना बेटावरचा आणि दुसरा असेन्शन बेटावरचा. दोन्ही बेटे ब्रिटिशांच्या ताब्यात आहेत. सेंट हेलेनाचे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस किलोमीटर आणि वस्ती साडेचार हजारांच्या आत. असेन्शन त्याहून लहान, सुमारे ८८ चौरस किलोमीटर; आणि वस्ती आठशेच्या आसपास. सेंट हेलेनापासून आफ्रिकेचा किनारा सुमारे १,९०० किलोमीटर दूर आहे. मध्ये दुसरे काही नाही, पाणीच पाणी.

सेंट हेलेना हे नाव आपल्या कानांवरून गेलेले असते ते नेपोलियनमुळे. पण या बेटाचा आपल्या इतिहासाशी याहून जवळचा एक धागा आहे. १६५९ पासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती होते, आणि हिंदुस्थानातून विलायतेस परतणारी जहाजे तेथे गोडे पाणी व भाजीपाला घेण्यासाठी थांबत. ज्या आर्थर वेलस्लीने १८०३ साली असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई दिली, तोही १८०५ मध्ये मायदेशी परतताना या बेटावर उतरला होता. पुढे दहा वर्षांनी, वॉटर्लूनंतर, त्याच्याच शत्रूला त्याच बेटावर आणून ठेवण्यात आले. नेपोलियनला घेऊन ऑगस्ट १८१५ मध्ये निघालेले जहाज १५ ऑक्टोबरला तेथे पोचले, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक. आणि ५ मे १८२१ रोजी तो वारला ही वार्ता लंडनला पोचावयास जुलै उजाडला. बातमीलाही तेव्हा मजला मोजीतच जावे लागे.

आता अंतराचा हिशेब. तो शाळेत जाणाऱ्या मुलानेही करावा इतका सोपा आहे, म्हणून येथे करूनच दाखवितो. सेंट हेलेनाचा विमानतळ विषुववृत्ताच्या दक्षिणेस जवळजवळ १६ अंशांवर, व असेन्शनचा जवळजवळ ८ अंशांवर. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक ८ अंश. रेखांश पाहता पहिला ग्रीनिचच्या पश्चिमेस सुमारे ५.६ अंश, दुसरा १४.४ अंश, फरक ८.८ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल; सागरी मैलाची व्याख्याच मुळी त्यावरून बांधली गेली. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर तेवढा असून ध्रुवाकडे जाताना आकसत जातो; जशा सोललेल्या संत्र्याच्या फोडी मध्ये रुंद व टोकांना निमुळत्या असतात. बारा अंशांवर तो सुमारे दोन टक्क्यांनी आखडलेला असतो, म्हणून ८.८ च्या जागी ८.६ धरावे. आता एक बाजू ८ व दुसरी ८.६ असा काटकोन त्रिकोण झाला. त्याचा कर्ण येतो सुमारे ११.७. त्याला ६० ने गुणा, ७०० सागरी मैल, किलोमीटरमध्ये १,३००. पुस्तकातला आकडा यापेक्षा फारसा वेगळा निघणार नाही.

ही युक्ती जवळच्या अंतरालाच चालते. अंतर वाढले की पृथ्वीची गोलाई आडवी येते, आणि तेव्हा कागदी नकाशा टाकून देऊन शाळेतला पृथ्वीगोल व एक दोरा घ्यावा. मुंबईवर बोट ठेवून दोरा न्यूयॉर्कपर्यंत ताणला तर तो अरबस्तान-भूमध्य समुद्रावरून जात नाही, थेट उत्तरेकडे चढतो आणि नॉर्वे व आइसलंड यांच्या मधल्या समुद्रावरून, ६५ अंश अक्षांशाजवळून, पलीकडे उतरतो. नकाशावर हा मार्ग केवढा तरी वळसा वाटतो. गोलावर तोच सर्वांत सरळ. अंतर म्हणून यंत्र जो आकडा देते तो या ताणलेल्या दोऱ्याचा. विमान त्याच दोऱ्यावरून जाईल असे मात्र नाही. कोठे युद्ध चालू असते, कोठे एखाद्या राष्ट्राने आपले आकाश बंद केलेले असते, कोठे वादळ असते; दोऱ्याला त्याची काय खबर!

बरे, १,३०० किलोमीटरला वेळ किती? आपल्या उदाहरणातले जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास चालते असे धरू. भागाकार केला तर ९८ मिनिटे. पण ही चाल त्याला सारा वेळ नसते. चढताना व उतरताना ते मंद असते, वळून धावपट्टीच्या रेषेत यावयाचे असते, आणि जमिनीवर सरपटत जाण्यातही मिनिटे मोडतात. छापील वेळ मोजतात ती चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावीपर्यंत. तेव्हा व्यवहारात दोन तास धरावेत. जितके अंतर कमी तितका हा वरखर्च जास्त जाणवतो, आणि याचे टोकाचे उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून नियमित विमान जाते. अंतर २.७ किलोमीटर! सकाळी फिरावयास जाणारे आमचे ज्येष्ठ सभासद याहून अधिक चालतात. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटे दिलेली असत; वारा पाठीशी असताना एकदा ते ५३ सेकंदांत पोचल्याची नोंद आहे. दोन मिनिटांचा हिशेब धरला तर सरासरी वेग पडतो ताशी ८१ किलोमीटर, म्हणजे मोटारीएवढाच. तरी तेथल्या लोकांना ते विमान हवे असते, कारण दुसरा मार्ग बोटीचा, आणि उत्तरेकडील समुद्र नेहमीच बोटीला राजी नसतो.

वाऱ्याचा विषय निघाला आहे तर एक गंमत सांगितलीच पाहिजे. बहुतेकांची समजूत अशी की, जाताना वारा पाठीशी व येताना तोंडावर, म्हणजे फिट्टंफाट. तसे होत नाही. ताशी ८० किलोमीटरचा वारा धरा. पाठीशी असता विमान जमिनीच्या हिशेबाने ८८० ने जाईल, आणि १,३०० किलोमीटरला ८९ मिनिटे लागतील. तोंडावर असता ७२० ने जाईल व १०८ मिनिटे लागतील. बेरीज १९७. वारा नसता तर दोन्ही मिळून १९५. दोन मिनिटे गेलीच! नदीत वल्ही मारणाऱ्या कोणत्याही नावाड्याला हे विचारा. प्रवाहाच्या बाजूने तो लवकर सुटतो, आणि म्हणून प्रवाहाचे साह्य त्याला थोडाच वेळ मिळते. उलट जाताना मात्र विरोधात तो जास्त वेळ अडकून असतो. लांब पल्ल्याच्या उड्डाणांत हा फरक मिनिटांचा राहत नाही. अमेरिकेहून युरोपात येणारे विमान लवकर पोचते व परत जाणारे उशिरा, ते यामुळे.

येथवर सगळे सरळ आहे. १,३०० किलोमीटर, दोन तास. घड्याळही बदलावे लागत नाही, कारण दोन्ही बेटे ग्रीनिचचीच वेळ पाळतात. परंतु २०१६ पूर्वी या दोन बेटांमध्ये विमानाने जाणे अशक्य होते. सेंट हेलेनाला विमानतळच नव्हता.

असेन्शनला तो फार आधी झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन लष्कराच्या इंजिनियरांनी तेथे धावपट्टी तयार केली, अमेरिकेतून आफ्रिकेकडे जाणाऱ्या लष्करी विमानांना मध्ये तेल मिळावे म्हणून. तेथे अंडी घालणाऱ्या समुद्रपक्ष्यांना 'वाइडअवेक', म्हणजे 'टक्क जागे', असे नाव आहे. तेच विमानतळाला पडले. पुढे ती पट्टी वाढून सुमारे तीन किलोमीटर झाली. १९८२ साली फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिशांची सारी हवाई मदार या पट्टीवर होती.

सेंट हेलेनाची गोष्ट निराळी. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा माथा. सपाट जागा अशी नाहीच. पूर्वेकडील कड्यावर प्रॉस्परस बे नावाचे थोडे पठार आहे, तेथे धावपट्टी करावयाची ठरली; पण तीही पुरेना, तेव्हा शेजारची एक खोल दरी सुमारे ८० लाख घनमीटर दगडमातीने भरून काढली. पट्टी झाली सुमारे १,९५० मीटर. खर्च आला २८ कोटी ५० लाख पौंड, आणि वर म्हटल्याप्रमाणे वस्ती साडेचार हजारांच्या आत! माणशी हिशेब वाचकांनी स्वतःच करावा. आम्ही केला तेव्हा क्षणभर कागद बाजूला ठेवला.

उद्घाटन मे २०१६ मध्ये व्हावयाचे होते. एप्रिलमध्ये एक मोठे बोइंग विमान चाचणीसाठी उतरले आणि वैमानिकांना कळून चुकले की, कड्यापाशी वारा एकसारखा नाही. दक्षिणपूर्वेचा व्यापारी वारा समुद्रावरून येतो, हजार फुटांच्या कड्यावर आदळतो, वर उसळतो. आणि उतरणाऱ्या विमानाला काही क्षणांच्या अंतराने वेगळ्याच वेगाचा, वेगळ्याच दिशेचा वारा भेटतो. जमिनीजवळ, वेग कमी असताना, विमानाला याहून वाईट काही नाही. विमानतळ तयार आणि विमाने नाहीत, अशी अवस्था झाली. विलायतेच्या वर्तमानपत्रांनी अर्थातच त्याची पुष्कळ टवाळी केली.

यातली नवलाची गोष्ट अशी की, हा वारा कोणाला माहीत नव्हता असे नाही. १८३६ साली चार्ल्स डार्विन जगप्रवासाहून परतताना सेंट हेलेनावर थोडे दिवस राहिला होता. एका पठाराच्या कडेला, सुमारे हजार फूट खोल कड्याच्या तोंडाशी, तो उभा असताना त्याने पाहिले की, थोड्याच अंतरावर समुद्रपक्षी जोराच्या वाऱ्याशी झगडत आहेत, आणि आपण उभे आहोत तेथे हवा अगदी निवांत आहे. त्याने पुढे होऊन हात लांब केला तो वाऱ्याचा पुरा झोत हाताला लागला. दोन यार्ड रुंदीची एक न दिसणारी भिंत, अलीकडे शांतता व पलीकडे झंझावात, असे त्याने लिहून ठेवले आहे. विमान जन्मण्यापूर्वी सदुसष्ट वर्षे!

मार्ग निघाला तो मोठ्या विमानाचा नाद सोडून. शंभराच्या आसपास आसनांच्या लहान एम्ब्राएर जेटने १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून पहिली नियमित फेरी केली. पुढे आठवड्यातून एकदा, शनिवारी, ती येऊ लागली. तेवढ्याही आसनांवर आरंभी उतारू घेत ते ७६ च. उरलेली आसने रिकामी. यामागे कंजूषपणा नव्हता. अशा बेटाकडे निघालेल्या वैमानिकाला केवळ पोचण्यापुरते तेल घेऊन भागत नाही. बेटावर ढग उतरले, वारा फिरला, तर दुसरीकडे उतरता आले पाहिजे. आणि ते 'दुसरीकडे' येथे १,३०० किलोमीटरवर असेन्शन, किंवा मागे सुमारे २,२०० किलोमीटरवर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील वॉल्व्हिस बे. म्हणजे जाण्याचे तेल, घिरट्या घालण्याचे तेल, आणि निराश होऊन परतण्याचेही तेल. तेल जड, पट्टी आखूड. मग माणसेच कमी करावी लागतात. दोन विमानतळांमधले अंतर मोजताना तिसऱ्या विमानतळाचे अंतर मोजावे लागते, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते.

विमानतळाची निंदा करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. नियमित सेवा सुरू होण्याच्याही आधी, जून २०१६ मध्ये, एका नवजात बालकाला व त्याच्या आईला उपचारासाठी केपटाउनला नेण्याकरिता एक लहान विमान याच पट्टीवर उतरले. तोवर बेटावरच्या आजाऱ्याला मार्ग एकच, टपालबोट. केपटाउन पाच रात्रींच्या वाटेवर. आणि बोट त्या दिवशी बेटावर असेल तर.

ती टपालबोट, 'सेंट हेलेना' याच नावाची, १९९० पासून फेऱ्या करीत होती. ताशी १५ सागरी मैल चाल धरली तर असेन्शनपर्यंतचे ७०० मैल काटायला तिला दोन दिवस लागावेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिची शेवटची फेरी झाली. तिच्या आधीच, नोव्हेंबर २०१७ पासून, असेन्शनला विमान जाऊ लागले होते. दोन दिवसांचे दोन तास झाले. पण विमान किती वेळा? महिन्यातून एकदा.

आता येथे थांबून पाहू. असेन्शनवर राहण्याचा कायमचा हक्क कोणालाच नाही. नोकरी असेल तोवर राहावे, संपली की जावे, असा तेथला कायदा. आणि नोकरीला जाणारे बहुतेक सेंट हेलेनाचेच लोक. बाप असेन्शनवर, आई व मुले सेंट हेलेनावर, अशी कुटुंबे तेथे पिढ्यान् पिढ्या आहेत. आपल्याकडे कोकणातल्या घरांनी मुंबईच्या चाकरमान्याची जशी वाट पाहिली तशी ती वाट पाहतात. अशा घरात कोणी आजारी पडले आणि तो दिवस महिन्याच्या कोणत्या तारखेला आला हे आपल्या हाती नसले, तर विमानाची सरासरी वाट पंधरा दिवस पाहावी लागेल. विमान नुकतेच गेले असेल तर तीस. दोन तासांचा प्रवास, तीस दिवसांची वाट. शिवाय ढग आड आले की दिवस पुढे ढकलायचा तो निराळाच.

दुसरा मार्ग नाही का? कागदावर आहे. सेंट हेलेनाहून जोहान्सबर्ग सुमारे ३,७०० किलोमीटर. तेथून लंडन ९,१०० च्या जवळपास. लंडनजवळच्या लष्करी विमानतळावरून, हवाई दलाच्या विमानात जागा व परवाना मिळाल्यास, असेन्शन ६,७५० च्या आसपास. एकंदर साडेएकोणीस हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला जवळजवळ अर्धी प्रदक्षिणा, शेजारच्या बेटावर जाण्याकरिता! आणि तोही मार्ग २०१७ च्या एप्रिलमध्ये तुटला. असेन्शनची ती तीन किलोमीटरची लांबलचक पट्टी उखडू लागली, मोठ्या विमानांना बंद झाली, आणि दुरुस्त होऊन पुन्हा पुरती खुली व्हावयास २०२३ उजाडले. ज्या सेंट हेलेनाच्या पट्टीला लोक हसले होते त्याच पट्टीवरून येणारे लहान विमान त्या काळात असेन्शनच्या रहिवाशांना मोठा आधार वाटू लागले.

सेवा सुरू झाली तेव्हा व्यवस्था अशी होती की, शनिवारी आफ्रिकेहून आलेले विमान सेंट हेलेनावरून पुढे असेन्शनला जाई, रात्री तेथेच राही, व रविवारी परत फिरे. म्हणून ज्याला पलीकडच्या बेटावर आपल्या माणसाला भेटावयाचे असेल त्याच्यापुढे निवड दोनच : एका रात्रीची भेट, नाहीतर एका महिन्याची. मधले काही नाही. मुलाच्या वाढदिवसाला चार दिवस जाऊन येतो, असे म्हणण्याची सोय नाही.

हे सर्व वाचून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "मग माणसाने फोनवर विचारावे तरी काय?" अंतर विचारू नये असे नव्हे, ते आधी कळलेले बरे. पण त्यानंतर विचारावे की, पुढचे विमान कोणत्या दिवशी सुटते. त्या दिवशी त्याच्यात जागा आहे का. मध्ये किती ठिकाणी उतरावे लागते व तेथे किती तास थांबावे लागते. आणि हवा बिघडली तर त्यानंतरचे विमान कधी. लहान गावाहून निघणाऱ्याच्या बाबतीत तर उलट्या क्रमाने विचारावे, पहिले छोटे विमान आधी व मोठ्या विमानाची चौकशी नंतर. कारण मोठे विमान रोज असते. अडते ते छोट्यापाशी.

त्या धाकट्या मुलाचेही असेच झाले होते. आमच्याकडे गुरुवारची पहाट होती तेव्हा त्याच्याकडे बुधवारची दुपार कलत होती. त्याच्या गावाहून विमान आठवड्यातून तीनदा सुटे, आणि बुधवारचे विमान फोन येण्यापूर्वी दोन तास निघून गेले होते. पुढचे शुक्रवारी सकाळी. गावाला जोडणारा रस्ता त्या दिवसांत बर्फाखाली बंद. दीड दिवस तो त्या विमानतळाच्या एकाच खोलीच्या इमारतीत, सामान घेऊन, बसून होता; घरी जाऊन झोपावे असे त्याला वाटले नाही. तेथून मोठ्या शहरी दोन तास, शहरात सात तास थांबणे, मग दिल्लीपर्यंत चौदा तास, रात्र तेथे काढून सकाळी इंदूर.

पुढे वर्षश्राद्धाला तो पुन्हा आला तेव्हा हे सगळे त्याने थोरल्या भावाला प्रथमच सविस्तर सांगितले. पाकिटात जपून ठेवलेले तिकिटांचे तीन तुकडे त्याने जाजमावर ओळीने मांडले, आणि थोरल्याने पेन्सिल घेऊन त्यांवरचे तास मांडले. विमानात तो बसला होता साडेसतरा तास. फोन आल्यापासून घराच्या दारात पाय ठेवीपर्यंत झाले होते शहात्तर. थोरल्याने ती बेरीज दोनदा करून पाहिली, मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि आत जाऊन धाकट्यासाठी चहा टाकावयास सांगितला.